माओरी भाषा, शाळा आणि आजीची मांडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडला राहायला आलेली मराठी कुटुंबं आणि इकडच्या बातम्या वाचून पुण्या-नागपुराहून फोन करणारे नातेवाईक, दोघांकडूनही मला हे प्रश्न येतात. मी वेलिंग्टनजवळ राहते. मुलं इथल्या शाळेत जातात आणि मी स्वतः संध्याकाळच्या वर्गात माओरी शिकते. दर वेळी तेच नव्याने सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

‘ते रेओ’ म्हणजे काय? ही भाषा आज किती जण बोलतात?

‘रेओ’ म्हणजे आवाज आणि भाषासुद्धा. माओरी भाषेला इथे सगळेच ‘ते रेओ’ म्हणतात. ताहिती, हवाई आणि कुक बेटांवरच्या भाषा तिच्या सख्ख्या बहिणी. माओरींचे पूर्वज तेराव्या शतकाच्या सुमारास होड्यांतून या बेटांवर आले. या देशाला ते आओतेआरोआ म्हणतात.

२०२३ च्या जनगणनेत २,१३,८४९ जणांनी माओरीत रोजच्या व्यवहाराचं बोलता येतं असं नोंदवलं. २०१८ मध्ये हा आकडा १,८५,९५५ होता. म्हणजे वाढ आहे. पण माओरी वंशाची म्हणून नोंदलेली माणसं साधारण पावणेदहा लाख आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. बोलणाऱ्यांत सगळेच माओरी नाहीत आणि बहुतेक माओरी माणसांना आपली भाषा बोलता येत नाही.

शाळेनेच ही भाषा मारली असं म्हणतात. हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

१८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला तेव्हा माओरी हीच या देशातली मुख्य भाषा होती. बहुतेक माओरी प्रमुखांनी कराराच्या माओरी मसुद्यावरच सह्या केल्या. मिशनऱ्यांच्या शाळाही माओरीतच शिकवत. लिहिण्या-वाचण्याची गोडी इतकी लागली होती की मोठी माणसंही मुलांच्या बरोबरीने अक्षरं गिरवायला बसत.

१८६७ मध्ये ‘नेटिव्ह स्कूल्स’ कायदा आला. गावाने शाळेसाठी जमीन द्यायची, इमारतीच्या आणि शिक्षकाच्या पगाराच्या खर्चातला वाटा उचलायचा आणि शिकायचं मात्र इंग्रजीत. या शाळा १९६९ पर्यंत चालल्या. सुरुवातीला काही माओरी पुढाऱ्यांनीच इंग्रजी शिकवा असा आग्रह धरला होता. त्यांचा हिशोब सरळ होता: माओरी घरात आहेच, ती कुठे जाणार? शाळेत वरून इंग्रजी मिळाली तर मुलांच्या हाती दोन भाषा येतील. घरातली भाषा शाळा बाहेर काढू शकते, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसावं.

पुढे शाळेच्या आवारात माओरी शब्द तोंडातून निघाला तर छडी मिळू लागली. जेम्स हेनारे या ज्येष्ठ माओरी नेत्यांनी १९८५ मध्ये, करार मोडल्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणापुढे, लहानपणची आठवण सांगितली. शाळेत माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात पाठवून वेत तोडून आणायला लावला आणि त्याच वेतानं मारलं. पोटाची भाषा इंग्रजी आहे, भाकरी हवी तर इंग्रजी बोल, असं त्यांना शिक्षकाने बजावलं होतं. स्वतःला मारायची छडी मुलाने स्वतःच तोडून आणायची. मला ही साक्ष प्रत्येक वेळी तितकीच लागते.

याच न्यायाधिकरणाच्या अहवालात काही आकडे आहेत. १९१३ मध्ये शाळेत येणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्क्यांना माओरी येत होती. १९५३ मध्ये २६ टक्क्यांना. १९७५ मध्ये जेमतेम ५ टक्क्यांना.

पण घरी बोलायला कोण अडवत होतं? आईवडिलांनी का थांबवलं?

हा प्रश्न मराठी माणूस जरा अधिकारानेच विचारतो, म्हणून थोडं थांबून उत्तर देते.

ज्यांनी मार खाल्ला होता ते पुढे आईबाप झाले. आपल्याला जे सोसावं लागलं ते पोरांना नको, या मायेपोटी त्यांनी मुलांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आपसात माओरी, मुलांकडे वळलं की इंग्रजी. मुलं कानाने समजून घ्यायची पण जिभेवर भाषा यायची नाही. त्यांच्या मुलांच्या कानावरही ती पडली नाही.

त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं वाढली. त्याआधी बहुतेक माओरी गावाकडे राहत आणि सगळं भाऊबंदांत होतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बहुसंख्य माओरी ऑकलंड, वेलिंग्टनसारख्या शहरांत कामाला आले. शेजार गोऱ्यांचा, कारखान्यात इंग्रजी, आजी-आजोबा मागे गावात. भाषा टिकायला जी रोजची माणसं लागतात तीच दूर राहिली. १९७० च्या दशकात भाषातज्ज्ञ रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी फिरून पाहणी केली तेव्हा अस्खलित बोलणारे सुमारे ७०,००० निघाले आणि त्यातले बहुतेक वयाने मोठे होते. लहान मुलं माओरीत वाढताहेत अशी घरं अगदी मोजकी.

मग परिस्थिती पालटायला सुरुवात कधी झाली?

१४ सप्टेंबर १९७२. ‘ङा तामातोआ’ या तरुण माओरींच्या गटाने आणि त्यांच्यासोबत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेला अर्ज हाना ते हेमारा यांनी संसदेत दिला. सह्या ३०,००० हून जास्त. मागणी इतकीच की शाळेत माओरी शिकवा. या तरुणांपैकी अनेकांना स्वतःला भाषा येत नव्हती. जी भाषा आपल्याला मिळाली नाही ती मागण्यासाठी ते दारोदार फिरले होते. १९७५ पासून दर वर्षी माओरी भाषा सप्ताह साजरा होतो, त्याचं मूळ या अर्जात आहे.

१९७८ मध्ये रुआतोकी गावात पहिली अधिकृत द्विभाषिक शाळा झाली. तिथे मुलं अजून घरी माओरी बोलत होती, म्हणून ते जमलं. बाकीच्या देशात मुलांना भाषाच येत नव्हती. त्यांच्यासाठी शाळेच्या आधीचं काहीतरी हवं होतं.

कोहांगा रेओ म्हणजे काय? बालवाडीच ना?

‘कोहांगा’ म्हणजे घरटं. कोहांगा रेओ म्हणजे भाषेचं घरटं. पहिलं घरटं एप्रिल १९८२ मध्ये वेलिंग्टनच्या डोंगरापलीकडे वाइनुइओमाता इथे उघडलं.

कल्पना साधी होती आणि ती ज्येष्ठांच्या बैठकांतून आली. आजी-आजोबांना भाषा येते, आईवडिलांना येत नाही, नातवंडं अजून बोलायला शिकायची आहेत. मधली पिढी ओलांडून आजी आणि नातवंडं यांना रोज एकत्र बसवू. जन्मापासून शाळेच्या वयापर्यंत मुलाच्या कानावर तिथे फक्त माओरी पडेल. खाणं, झोपणं, भांडणं, रुसणं, गाणी, प्रार्थना, सगळं. शिकवणारी माणसं पदवीधर नव्हती. ती कुणाची आजी होती, कुणाची मावशी होती.

बालवाडीत मूल सोडलं की पालक सुटतात. कोहांगात तसं नाही. तिथला कारभार ‘फानौ’कडे असतो. फानौ म्हणजे कुटुंब, पण चार माणसांचं नव्हे. आपल्याकडचं भावकी, आजोळ, शेजार असं सगळं एकत्र केलं तर थोडं जवळ जाईल. हिशोब ठेवणं, साफसफाई, स्वयंपाक, निर्णय, सगळ्यांत पालकांनी उतरायचं आणि जमेल तशी भाषाही शिकायची. मूल घरी जाऊन माओरीत पाणी मागतं, तेव्हा आईला तो शब्द यायला हवा. अनेक आया अशाच मुलांच्या मागोमाग भाषेकडे परतल्या.

पहिली काही वर्षं पैसा फार थोडा होता. गॅरेजात, चर्चच्या हॉलमध्ये, मराएवर (जमातीच्या अंगण-सभागृहात), जागा मिळेल तिथे घरटी झाली. इरिताना ताफिफिरांगी यांच्यासारख्या बायकांनी गावोगावी फिरून ही चळवळ उभी केली. १९९४ पर्यंत घरट्यांची संख्या ८०० च्या घरात गेली आणि सुमारे १४,००० मुलं त्यांत वाढत होती. बारा वर्षांत हे घडलं आणि वरून कुणाचा हुकूम नव्हता.

आज ती संख्या निम्म्याच्या आसपास आली आहे. १९९० मध्ये कोहांगा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत गेले. मग इतर बालवाड्यांचे नियम, तपासण्या, पदव्या, अनुदानाचे निकष त्यांनाही लागू झाले. आजीला भाषा आहे पण प्रमाणपत्र नाही, तर अनुदान कमी. वाइतांगी न्यायाधिकरणाने या वागणुकीबद्दल सरकारला स्पष्ट दोष दिला. माझं मत विचाराल तर खात्याला घरटं कधी नीट कळलंच नाही. त्याला ती मुलं सांभाळायची जागा वाटली. ती खरी आजीला परत कामावर बोलवायची जागा होती.

कोहांगातून बाहेर पडल्यावर मुलं कुठे जातात?

हाच प्रश्न १९८० च्या दशकात पालकांपुढे उभा राहिला. पाच वर्षांचं मूल घडाघडा माओरी बोलत शाळेत जायचं आणि काही महिन्यांत इंग्रजीवर यायचं. म्हणून १९८५ मध्ये पश्चिम ऑकलंडमधल्या होआनी वाइतिती मराएवर पालकांनी स्वतःची शाळा काढली, सरकारी मदतीशिवाय. ही पहिली कुरा कौपापा माओरी. ‘कुरा’ म्हणजे शाळा, ‘कौपापा’ म्हणजे मूळ भूमिका, पाया. १९८९ च्या शिक्षण कायद्याने अशा शाळांना मान्यता दिली. माध्यमिक वर्ग असलेल्या शाळांना फारेकुरा म्हणतात आणि त्यापुढे वानांगा, म्हणजे उच्च शिक्षणाच्या माओरी संस्था. ओताकी गावातली ते वानांगा ओ राउकावा १९८१ पासून आहे.

या शाळांची मूल्यं ‘ते आहो मातुआ’ नावाच्या दस्तऐवजात माओरीतच लिहिलेली आहेत. मूल म्हणजे काय, त्याचं कुटुंबाशी, पूर्वजांशी नातं काय, इथून ती सुरू होतात. विषय आणि तासिका नंतर येतात. २००८ पासून माओरी माध्यमासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि तो इंग्रजी अभ्यासक्रमाचं भाषांतर नाही.

मात्र अशा शाळा सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. बहुसंख्य माओरी मुलं इंग्रजी माध्यमातच शिकतात. दर आठ-दहा मुलांत एखादंच पूर्ण माओरी माध्यमात असतं. जवळ शाळा नसते, आणि माओरीत रसायनशास्त्र शिकवू शकणारे शिक्षक कुठून आणायचे, ही अडचण तर रोजची आहे.

माओरीत गणित आणि विज्ञान शिकवता येतं का? शब्द आहेत का?

शब्द केले. १९८७ मध्ये माओरी भाषा आयोग, ‘ते ताउरा फिरी’, स्थापन झाला आणि तीमोती कारेतू त्याचे पहिले आयुक्त झाले. आयोगाने आणि शाळांतल्या शिक्षकांनी हजारो शब्द घडवले. संगणकाला ‘रोरोहिको’: ‘रोरो’ म्हणजे मेंदू, ‘हिको’ म्हणजे वीज. मोबाइलला ‘वाएआ पूकोरो’, खिशातली तार. २००८ मध्ये माओरी शब्दांचे अर्थ माओरीतच देणारा मोठा कोश आला. नाव ‘हे पाताका कुपू’, म्हणजे शब्दांचं कोठार.

वारांची गंमत मराठी वाचकाला आवडेल. जुनी मंडळी सोमवारला ‘माने’, मंगळवारला ‘तूरेई’ म्हणतात, इंग्रजी नावं माओरी जिभेवर घोळून झालेली. आयोगाने नवी नावं काढली: राहिना, रातू, राआपा, रापारे, रामेरे. ‘रा’ म्हणजे दिवस, आणि पुढे अनुक्रमे चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांच्या माओरी नावांचा तुकडा. म्हणजे आपलंच सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र.

मग आजीची माओरी आणि शाळेची माओरी वेगळी झाली नाही का?

झाली, आणि त्याचा त्रास होतो. नातू ‘राहिना’ म्हणतो, आजी ‘माने’. काही वृद्धांना शाळेतून आलेली भाषा परकी वाटते आणि ते नातवाला इंग्रजीत उत्तर देऊन मोकळे होतात. तिथे सगळंच हरतं.

बोलींचाही प्रश्न आहे. दक्षिण बेटावरच्या ङाई ताहू या जमातीच्या बोलीत ‘ङ’ च्या जागी ‘क’ येतो, म्हणून घराला इतरत्र ‘काइंगा’ तर तिकडे ‘काइका’. आओराकी हे उंच शिखराचं नाव त्याच बोलीतलं. वांगानुई नदीकाठी ‘ह’ जवळजवळ गिळला जातो. पाठ्यपुस्तकं एक रूप घेऊन चालतात. चांगले शिक्षक मुलांना सांगतात की आधी तुझ्या गावचं रूप शिक, मग इतरांचं. वऱ्हाडातून किंवा कोकणातून पुण्याच्या शाळेत गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावावं लागणार नाही.

मुलांचं इंग्रजी कच्चं राहत नाही का?

नाही. इंग्रजी इथे हवेत आहे, टीव्हीवर, दुकानात, मैदानात. माओरी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पुढे स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. अभ्यासकांचा कल असा की किमान सहा ते आठ वर्षं माओरीत शिकलं तर दोन्ही भाषा पक्क्या होतात आणि एक-दोन वर्षांत माध्यम बदललं तर दोन्हींचं नुकसान होतं. शालान्त पातळीवर माओरी माध्यमातली मुलं इंग्रजी माध्यमातल्या माओरी मुलांच्या पुढेच दिसतात.

ज्यांचं शिकायचं वय गेलं त्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी ‘ते आताआरांगी’ आहे. कातेरिना माताइरा आणि ङोई पेफाइरांगी या दोघींनी १९७९ च्या सुमारास ही पद्धत रुजवली. वर्गात पुस्तक नाही, वही नाही, इंग्रजी नाही. मधोमध रंगीत लाकडी कांड्या ठेवलेल्या. शिक्षिका लाल कांडी उचलते, वाक्य म्हणते, पुढचा म्हणतो, मग त्याच्या पुढचा. एकजण अडला तर बाकीच्यांनी त्याला शब्द पुरवायचा नाही, वाट पाहायची.

मी अशाच एका वर्गात जाते. माझ्या शेजारी साठीच्या माओरी बाई बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना साधं ‘कांडी निळी आहे’ म्हणता येईना. शब्द येत होता, घसा दाटत होता. त्यांच्या आईची भाषा, आणि ती एका परक्या देशातून आलेल्या माझ्यासारखीच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकायची. खोलीतलं कुणी बोललं नाही, आम्ही वाट पाहिली. शिकण्यात लाज किती मोठी अडचण असते ते मला त्या दिवशी कळलं. आईच्या भाषेचं ओझं माझ्यावर नव्हतं, म्हणून मला शब्द सहज येत होते.

संस्कृती शिकवणं म्हणजे हाका नाच शिकवणं का?

रग्बी सामन्यापूर्वीची हाका जगाला ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न येतो. शाळांत ‘कापा हाका’चे गट असतात आणि त्यांत मुलांना खरंच भाषा मिळते, कारण गाण्याचे शब्द पाठ करताना त्यामागची लढाई, नदी, पूर्वज सगळं येतं. १९७२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्पर्धा आज ‘ते मातातिनी’ म्हणून ओळखली जाते आणि ती पाहायला देश लोटतो.

पण खरं शिक्षण मराएवर होतं. मराए म्हणजे जमातीचं अंगण आणि सभागृह. पाहुण्यांना आत घेताना बाईची साद आधी येते, मग भाषणं, मग गाणं, मग नाकाला नाक लावून भेट, मग जेवण. या क्रमाला ‘तिकांगा’ म्हणतात, रीत. ही रीत माओरीतच चालते. भाषा गेली तर बाईची साद थांबते आणि पाहुण्याला दारातून आत घ्यायची सोयच उरत नाही.

काही शब्दांत तर सगळं शास्त्र साठवलेलं आहे. ‘फेनुआ’ म्हणजे जमीन आणि ‘फेनुआ’ म्हणजेच वार, बाळाबरोबर येणारी. ती वार पूर्वजांच्या जमिनीत पुरायची रीत आहे. जिथे नाळ पुरली तिथली ओढ सुटत नाही, असं आपल्या घरात म्हणतात. ‘इवी’ म्हणजे जमात आणि हाडंही. ‘हापू’ म्हणजे कुळ आणि गर्भवती. हे शब्द इंग्रजीत दोन-दोन होतात आणि मधला धागा तुटतो.

माओरी नसलेल्यांनी शिकावी का? कुणाला आवडत नाही असं तर नाही?

बहुतेकांना आवडतं. मात्र वर्गातल्या जागा आधी माओरींना मिळाव्यात, असं काहीजण म्हणतात आणि मला ते रास्त वाटतं.

इथले गोरे लोक आज सहज ‘किया ओरा’, म्हणजे नमस्कार, म्हणतात, पण हे फार जुनं नाही. १९८४ मध्ये टेलिफोन ऑपरेटर नायडा ग्लाविश फोनवर ‘किया ओरा’ म्हणत, तर वरिष्ठांनी त्यांना मनाई केली. देशभर चर्चा झाली आणि शेवटी ती मनाई मागे घ्यावी लागली. १९९९ मध्ये रग्बी विश्वचषकात हिनेवेही मोही यांनी राष्ट्रगीत फक्त माओरीत गायलं तेव्हाही गदारोळ उठला. आज राष्ट्रगीत आधी माओरीत आणि मग इंग्रजीत गातात आणि माझी मुलं दोन्ही कडवी तोंडपाठ म्हणतात.

मराठी माणसाला ही भाषा अवघड जाते का?

इंग्रजी भाषकापेक्षा पुष्कळ सोपी जाते. स्वर आपलेच: आ, ए, ई, ओ, ऊ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो हे आपल्याला नवीन नाही. ‘त’ मऊ, ‘र’ आपल्यासारखा. आणि ‘ङ’! बाराखडीत शिकून ‘वाङ्मय’ सोडून कुठेच न लागलेलं हे अक्षर इथे शब्दाच्या सुरुवातीला येतं. या पानावर मी सोयीसाठी वाइतांगी, कोहांगा असं लिहिलं आहे, पण उच्चारताना ‘ग’ पूर्ण फुटू द्यायचा नाही.

मला सगळ्यात आनंद झाला तो सर्वनामं शिकताना. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’, हा फरक इंग्रजीत नाही. माओरीत आहे: ‘तातोऊ’ म्हणजे आपण सगळे, ‘मातोऊ’ म्हणजे आम्ही. दोघांसाठी आणखी वेगळे शब्द, ‘ताउआ’ आणि ‘माउआ’. वर्गातल्या इंग्रजी भाषकांना हे समजायला तास लागला. मला क्षणात कळलं आणि पुढच्याच वाक्यात मी गडबडीने ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ म्हणून शिक्षिकेला वगळून टाकलं.

सरकार यात काय करतं?

१९८६ च्या न्यायाधिकरण अहवालाने भाषा हा करारात राखून ठेवलेला ठेवा आहे असं मान्य केलं. ‘ताओंगा’ असा तो शब्द. त्यातून १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. २००४ मध्ये माओरी दूरचित्रवाणी आली. २०१६ च्या कायद्याने जबाबदारी दोघांत वाटली: समाजातलं काम ‘ते मातावाई’ या माओरी संस्थेकडे, देशपातळीवरचं सरकारकडे. २०४० पर्यंत दहा लाख लोकांना निदान जुजबी माओरी यावी, हे सरकारी उद्दिष्ट आहे.

सरकार बदललं की वारा बदलतो. सध्याच्या सरकारने खात्यांची नावं इंग्रजीत पुढे आणली आणि २०२४ मध्ये शिक्षकांना माओरी शिकवणाऱ्या ‘ते आहू ओ ते रेओ माओरी’ कार्यक्रमाचा निधी काढून गणिताकडे वळवला. मला हे चुकीचं वाटतं. ज्या शाळांनी छडी उगारली त्यांच्या शिक्षकांना चार वाक्यं नीट शिकवणं ही मेहेरबानी नव्हती, परतफेड होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध लांबच लांब मोर्चा निघाला आणि संसदेत तरुण खासदार हाना-राफिती माइपी-क्लार्क यांनी हाका केला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक मोठ्या मतांनी फेटाळलं गेलं. मोर्चात कोहांगा पिढीची माणसं होती, पोरं खांद्यावर घेऊन, त्यांच्याशी माओरीत बोलत.

म्हणजे भाषा वाचली का?

मरणार होती, ती मेली नाही. एवढं खात्रीने म्हणता येतं.

शाळा बोलणारी माणसं तयार करते. पण शाळेत मिळालेली भाषा संध्याकाळी सहानंतर कुठे जाते? ङाई ताहूंनी हे नेमकं ओळखलं. दक्षिणेत भाषा जवळजवळ पुसली गेली होती. त्यांनी २००१ मध्ये ध्येय ठेवलं ते शाळांचं नाही, घरांचं: एक हजार घरांत माओरी बोलली जावी. रात्री दात घासायला सांगताना, भाजी करपल्यावर, अंथरुणात गोष्ट सांगताना लागणारी वाक्यं त्यांनी पालकांना शिकवली. माझ्या मते कोहांगाने आजीला शाळेत आणलं हे अर्धं काम होतं, आणि आईने भाषा स्वयंपाकघरात परत नेली की उरलेलं होतं. आज काही घरांत तिसरी पिढी माओरीत वाढते आहे. अशी घरं अजून कमी आहेत.

शाळेने मुलीला ‘पेपेहा’ लिहून आणायला सांगितला आहे. मराठी घराने काय लिहायचं?

हा प्रश्न दर फेब्रुवारीत येतो. पेपेहा म्हणजे स्वतःची ओळख, पण नाव सगळ्यात शेवटी. आधी डोंगर, मग नदी, मग होडी, जमात, मग मी. वांगानुई नदीकाठची माणसं म्हणतात, मी नदी आहे आणि नदी मी आहे. २०१७ मध्ये त्या नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला तो याच नात्यातून.

म्हणून शेजारचा डोंगर ‘माझा’ म्हणून लिहू नका. ते वाक्य वंशाचं नातं सांगतं. बरेच माओरी शिक्षक इतरांना ‘या डोंगराच्या सावलीत मी वाढले’ अशा अर्थाचं वेगळं वाक्य देतात. ते शाळेतून मागून घ्या. आणि आपले खरे डोंगर-नदी घरी विचारा. आमच्या मुलीने त्यासाठी आजीला फोन लावला. आजी आधी म्हणाली, डोंगर कशाला हवा शाळेत? मग पाऊण तास बोलत राहिली: पांडवगड, कृष्णा, घाटावरचे गणपती, पुरात पायऱ्या बुडायच्या ते. मुलीने सगळं मराठीत ऐकलं, निम्मं पुन्हा पुन्हा विचारलं आणि वहीत उतरवलं.

वर्गात तिने आजीचं गाव वाई असं सांगितलं, तेव्हा शिक्षिकेने तिला ते दोनदा म्हणायला लावलं. माओरीत ‘वाइ’ म्हणजे पाणी.